क्वार्टरबॅकचा बिघडलेला थ्रो दुरुस्त होतो का?

जॉश ॲलन हा क्वार्टरबॅक, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये पास फेकणारा मुख्य खेळाडू, २०१८ साली बफेलो बिल्स संघाकडून खेळायला लागला, तेव्हा त्याने फेकलेल्या शंभर पासांपैकी जेमतेम ५३ सहकाऱ्याच्या हातात पडत. नेमका आकडा ५२.८ टक्के. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, हल्ली साठ टक्क्यांच्या खालचा क्वार्टरबॅक फार काळ खपवून घेत नाहीत. दोन वर्षांनी, २०२० मध्ये, हाच ॲलन ६९.२ टक्क्यांवर पोहोचला आणि २०२४ च्या हंगामात लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

टिम टिबोची गोष्ट बरोबर उलटी. फ्लोरिडा विद्यापीठाकडून खेळताना दोन राष्ट्रीय विजेतेपदं, कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च मान असलेली हाइझमन ट्रॉफी, २०१० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ कॉलेजातले खेळाडू आळीपाळीने निवडतात त्यात, पहिल्याच फेरीत निवड. २०११ मध्ये डेन्व्हर ब्राँकोजकडून खेळताना त्याची टक्केवारी होती ४६.५. थ्रो सुधारण्यासाठी त्याने मेहनत घेतली नाही, असं त्याचा कट्टर टीकाकारही म्हणणार नाही. तरी २०१२ नंतर एनएफएलच्या नियमित हंगामातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

म्हणून एखादा तरुण क्वार्टरबॅक धडपडायला लागला, की चाहत्यांचे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, थांबा जरा, ॲलनचंही असंच होतं. दुसरा म्हणतो, हा दुसरा टिबो आहे, पैसे वाया घालवू नका. दोघांनाही उदाहरण हाताशी असल्यामुळे वाद मिटत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. थ्रो सुधारतो, पण सगळा नाही. पायांचं काम सुधारतं, शरीराच्या हालचालींचा क्रम सुधारतो. हाताचं वळण मात्र विशी ओलांडल्यावर फार क्वचित बदलतं. आणि जे सुधारतं, त्यालाही वेळ लागतो. तो द्यायची या लीगची तयारी नसते.

चेंडू आणि घाई

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला या खेळातली फेक पहिल्यांदा जरा बेंगरूळ वाटते. बाउंड्रीवरून यष्टीरक्षकाकडे सपाट थ्रो पाहायची आपल्याला सवय असते. पण क्रिकेटचा चेंडू साधारण १६० ग्रॅमचा असतो आणि अमेरिकन फुटबॉल ४०० ग्रॅमच्या पुढे. शिवाय तो दोन्ही टोकांना निमुळता आणि सुमारे २८ सेंटिमीटर लांब. इतकं वजन हातात असलं की हाताचा वेग आपोआप कमी होतो. बेसबॉलमधले वेगवान पिचर, म्हणजे तिथले गोलंदाज, ताशी दीडशे किलोमीटरच्या वर सहज जातात. २०१८ च्या ड्राफ्टआधीच्या चाचणीत ॲलनचा थ्रो ताशी ६२ मैल मोजला गेला, म्हणजे शंभर किलोमीटरच्या आसपास, आणि तेवढ्यावर लोकांनी तोंडात बोटं घातली होती.

चेंडू स्वतःच्या लांबट अक्षाभोवती गरगर फिरत गेला पाहिजे. त्याला स्पायरल म्हणतात. नाही फिरला तर तो हवेत डुगडुगतो, वेग गमावतो आणि वाऱ्याच्या मर्जीवर जातो. एवढं करूनही अर्धंच काम झालं, कारण तो माणसाकडे फेकायचाच नसतो. समोर धावणाऱ्या सहकाऱ्याचा, म्हणजे रिसीव्हरचा, मार्ग आधी ठरलेला असतो. तो बारा यार्डांवर जाऊन बाहेरच्या बाजूला वळणार असेल, तर त्याने मान वळवण्याआधीच चेंडू हातातून सुटलेला असावा लागतो. तो जिथे असेल तिथे फेकायचा, आहे तिथे नाही.

आणि हे सगळं अडीच-तीन सेकंदांत. चेंडू मागे दिला गेला, ज्याला स्नॅप म्हणतात, की क्वार्टरबॅक काही पावलं मागे सरकतो. पुढे त्याचे पाच लाइनमन धक्के देत, अंगावर घेत त्याच्यासाठी थोडी जागा राखतात. ती जागा म्हणजे पॉकेट. पलीकडून येणाऱ्यांमध्ये सव्वाशे किलोंचे गडीही असतात, आणि त्यांना फक्त याला जमिनीवर लोळवायचं असतं. थ्रोची ॲक्शन याच गर्दीत करायची असते. निवांत मोकळ्या मैदानावर ती कशी दिसते, याला त्यामुळे फारसा अर्थ नाही.

एक थ्रो, सावकाश

उजव्या हाताच्या क्वार्टरबॅकचा एकच थ्रो घेऊ आणि तो अगदी संथ करून पाहू. पाच पावलं मागे आल्यावर त्याचा उजवा पाय जमिनीत रुततो. वजन त्या पायाच्या आतल्या कडेवर. टाच सुटलेली नाही, गुडघा थोडा वाकलेला. चेंडू दोन्ही हातांत, छातीच्या उजव्या बाजूला, खांद्याच्या जरा खाली. डावा खांदा लक्ष्याकडे.

मग डावा पाय पुढे पडतो. पाऊल छोटं, लक्ष्याच्या किंचित डावीकडे. त्या क्षणी कंबर लक्ष्याकडे उघडायला लागते, पण खांदे अजून आडवेच असतात. कंबर पुढे निघालेली आणि खांदे मागे राहिलेले, अशा त्या अंतरात पोटाचे आणि पाठीचे स्नायू ताणले जातात. थ्रोचं बळ इथे साठतं. नंतर धड फिरतं, त्यामागून दंड येतो. कोपर खांद्याच्या उंचीला आलेलं असतं आणि कोपरापुढचा हात क्षणभर मागेच लोळतो, तळवा जवळपास आकाशाकडे. डावा हात बरगड्यांशी ओढला जाऊन थांबतो आणि धडाला थांबायला आधार देतो. धड थांबलं की हात सुटतो. मनगट, बोटं, आणि सर्वांत शेवटी तर्जनी चेंडूवरून घासून जाते. स्पायरल तिथून मिळतो. हात खाली येताना तळवा बाहेर वळलेला, अंगठा जमिनीकडे.

ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकणाऱ्याची गोफण ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे चटकन कळेल. दगडाला वेग हाताच्या शेवटच्या झटक्याने मिळत नाही. तो खांद्यापासून दोरीच्या टोकापर्यंत साखळीने जातो, आणि दिशा ठरते ती दोरीचा पदर नेमक्या कोणत्या क्षणी सुटला यावर. क्वार्टरबॅकचा हात म्हणजे त्या दोरीचं टोक. चूक बहुतेक वेळा आधीच्या कुठल्या तरी कडीत झालेली असते, आणि नाव हाताचं खराब होतं.

उदाहरणं घ्या. पुढचं पाऊल प्रमाणाबाहेर लांब पडलं की शरीर मागे कलतं आणि चेंडू रिसीव्हरच्या डोक्यावरून जातो. तेच पाऊल फार आडवं पडलं की कंबर उघडतच नाही. मग हात शरीराला ओलांडून फिरतो आणि चेंडू धावणाऱ्याच्या पाठीमागे पडतो. दोन्ही पाय जवळ घेऊन नुसतं नाचत राहिलं, तर फेकायची वेळ आल्यावर आधी पाय रुंद करावे लागतात. त्यात क्षण जातो आणि तेवढ्यात बचाव करणारा पोहोचतो. टीव्हीवर आपल्याला काय दिसतं? उंच गेलेला चेंडू. समालोचक म्हणतो, अचूकता नाही. खरं तर पाऊल चुकलं होतं.

ॲलनच्या बाबतीत काय झालं

ॲलन कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ या छोट्या शेतकरी गावचा. शाळा संपली तेव्हा मोठ्या विद्यापीठांपैकी कोणीही त्याला घेतलं नाही. आधी रीडली नावाचं स्थानिक कॉलेज, मग वायोमिंग विद्यापीठ. तिथेही टक्केवारी ५६ च्या आसपासच. तरी बफेलोने २०१८ च्या ड्राफ्टमध्ये त्याला सातव्या क्रमांकावर उचललं, तेव्हा आकडेवारीवर जगणाऱ्या मंडळींनी खूप खिल्ली उडवली. कॉलेजात ज्याला जमलं नाही, त्याला इथे काय जमणार, असा त्यांचा हिशेब होता, आणि इतिहास पाहिला तर तो अगदीच चुकीचा नव्हता.

त्याचा दोष त्याच्या गुणातूनच आला होता. हातात इतकी ताकद की मागच्या पायावर उभं राहून, पळता पळता, तिरकं होऊन कसाही फेकला तरी चेंडू पन्नास यार्डांपलीकडे जायचा. अशा मुलाला पाय नीट रोवायची गरजच कधी पडत नाही. हात जितका जबरदस्त, पाय तितके आळशी. मग सात-आठ यार्डांचा हलका, हळुवार पास द्यायची वेळ आली की पंचाईत, कारण तिथे ताकद कामाची नसते. तोही तो बंदुकीसारखा सोडायचा.

हंगाम नसतानाच्या महिन्यांत त्याने माजी क्वार्टरबॅक जॉर्डन पामरबरोबर काम केलं. शरीराच्या हालचाली यंत्रांनी मोजून, कोणता भाग आधी आणि कोणता नंतर फिरतो, हेही तपासून घेतलं. थ्रोचं मूळ वळण कोणी बदललं नाही. आजही तो जोरातच फेकतो. बदलला तो पायांचा पाया आणि हालचालींचा क्रम.

पण इथे घाईने निष्कर्ष काढायचा मोह आवरायला हवा. २०२० च्या मार्चमध्ये बिल्सनी स्टेफॉन डिग्ज हा लीगमधला अव्वल रिसीव्हर आणला. आक्रमणाची आखणी करणारा प्रशिक्षक ब्रायन डेबल २०१८ पासून २०२१ पर्यंत तोच राहिला, म्हणजे ॲलनला दरवर्षी डावांची नवी भाषा शिकावी लागली नाही. २०१८ मध्ये त्याच्याभोवती जे रिसीव्हर होते, त्यांच्याकडे फेकून कोणाचीही टक्केवारी घसरली असती. माझ्या हिशेबाने त्या १६.४ टक्क्यांच्या वाढीतला निम्मा वाटा थ्रोच्या सुधारणेचा, उरलेला डिग्जचा, डेबलचा आणि वाढत्या समजुतीचा. कोणी चाळीस म्हणेल, कोणी साठ. पण शंभर टक्के श्रेय खाजगी प्रशिक्षकाला देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

टिबोचा हात

टिबो डावखुरा. फेकायला सुरुवात केली की त्याचा चेंडू आधी कमरेपर्यंत खाली जायचा, मग शरीराच्या मागून मोठा गोल घेत वर यायचा आणि नंतर पुढे. हा फेरा सेकंदाच्या छोट्याशा अंशाचा. कॉलेजात तो खपून गेला, कारण तिथे रिसीव्हर बरेचदा मोकळे सापडतात. एनएफएलमध्ये बचाव करणारा क्वार्टरबॅकचा हात खाली गेलेला पाहतो आणि चेंडू सुटण्याआधीच त्या दिशेला निघतो. मागून येणारा लाइनमन तर खाली लोंबणाऱ्या चेंडूवर थेट थाप मारतो.

ड्राफ्टच्या आधीच त्याने हा फेरा छोटा करायचा प्रयत्न सुरू केला. सरावात फेरा आखडलेला दिसायचाही. सामन्यात अंगावर माणूस आला की जुना गोल परत. २०१२ च्या जानेवारीत पिट्सबर्गविरुद्धच्या बाद फेरीत जादा वेळेच्या पहिल्याच डावात त्याने डिमेरियस थॉमसला दिलेला पास ८० यार्डांचा टचडाउन, म्हणजे सामना जिंकून देणारे गुण, ठरला. सारा अमेरिका वेडा झाला. पण दोन महिन्यांत डेन्व्हरने पेटन मॅनिंग या नावाजलेल्या क्वार्टरबॅकला आणलं आणि टिबोला न्यूयॉर्क जेट्सकडे पाठवून दिलं. पुढे २०१३ मध्ये न्यू इंग्लंडने आणि २०१५ मध्ये फिलाडेल्फियाने त्याला सरावापुरतं घेऊन हंगामाआधी सोडलं.

मधल्या काळात तो टॉम हाउसकडेही गेला होता. हे गृहस्थ मोठे गमतीदार. सत्तरच्या दशकातले बेसबॉल पिचर. ८ एप्रिल १९७४ ला हँक ॲरनने बेब रूथचा विक्रम मोडणारा ७१५ वा होमरन, म्हणजे बेसबॉलमधला षटकार, मारला, तेव्हा तो चेंडू बाहेरच्या कुंपणामागे झेलणारे हेच. पुढे टेक्सास रेंजर्सचे पिचिंग प्रशिक्षक झाल्यावर ते आपल्या पिचरांना सरावात फुटबॉल फेकायला लावायचे. चुकीच्या पद्धतीने फेकला तर तो डुगडुगतो, म्हणजे तपासणीस आयताच हाती. नंतर ड्रू ब्रीज आणि टॉम ब्रेडी असे क्वार्टरबॅक त्यांच्याकडे जाऊ लागले. इतक्या जाणत्या माणसाकडे जाऊनही टिबोला पुन्हा जागा मिळाली नाही, यावरून हाताच्या वळणाचा चिवटपणा कळावा.

जुनी सवय पुसली का जात नाही

पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे मांडले. आधी माणूस विचार करकरून करतो, मग चुका कमी होत जातात, शेवटी हालचाल आपसूक व्हायला लागते. विशीतला क्वार्टरबॅक वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षापासून फेकत असतो, त्यामुळे तो तिसऱ्या टप्प्यावर कधीच पोहोचलेला असतो. त्याची ॲक्शन बदलायची म्हणजे त्याला परत पहिल्या टप्प्यावर आणायचं. तो विचार करून फेकायला लागतो आणि काही काळ आधीपेक्षाही वाईट फेकतो. शिवाय जुनं पुसलं जात नाही, नवं त्याच्या शेजारी बसतं. शांतपणे फेकताना नवं वर येतं. भीती वाटली, दमला किंवा घाई झाली की जुनं.

यात हाडांचाही भाग आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. वाढत्या वयात सतत फेकणाऱ्या मुलांच्या दंडाच्या हाडाला मागच्या बाजूला थोडा अधिक पीळ राहतो. बेसबॉल पिचर आणि हँडबॉल खेळाडूंच्या तपासण्यांत फेकणाऱ्या आणि न फेकणाऱ्या हातांमधला हा फरक दिसून आलेला आहे. या पिळामुळे हात मागे जास्त लोळू शकतो. हाडाची वाढ थांबली की तो पीळही ठरून जातो. बाविसाव्या वर्षी कितीही रबरी पट्टे ओढले तरी तो बदलत नाही.

रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी १९२० च्या दशकात मॉस्कोत हातोडा चालवणाऱ्या कामगारांच्या हालचाली फिल्मवर टिपल्या. कसलेल्या कामगाराचा घाव दर वेळी छिन्नीवर बरोबर पडत होता, पण खांदा, कोपर आणि मनगट यांची वाट दर वेळी थोडी वेगळी होती. म्हणजे कौशल्य हा एकच साचा नसतो. शरीर त्या क्षणी हाताशी असलेल्या तुकड्यांतून तोच परिणाम जुळवून आणतं. क्वार्टरबॅकला हे तंतोतंत लागू पडतं, कारण दोन पास कधी सारख्या स्थितीतून फेकलेच जात नाहीत.

म्हणूनच "कोपर दोन इंच वर घे" असं ओरडणारा प्रशिक्षक बरेचदा नुकसान करतो. गॅब्रिएल वुल्फ यांच्या संशोधनातून वारंवार दिसलं आहे की स्वतःच्या अवयवाकडे लक्ष दिल्यावर कामगिरी ढासळते आणि परिणामाकडे लक्ष दिल्यावर सुधारते. जाणते प्रशिक्षक सूचना देण्याऐवजी परिस्थिती बदलतात. कोपर खाली पडतंय? समोर उंच जाळी लावा आणि तिच्यावरून फेकायला सांगा. पाऊल लांब पडतंय? पुढे जमिनीवर एक गादीसारखी पिशवी ठेवा, तिच्या अलीकडेच पाय पडला पाहिजे. कंबर फिरत नाही? एक गुडघा टेकवून फेकायला लावा, म्हणजे पायाचं बळ बाद होतं आणि धड फिरवण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

आणखी एक मेख आहे. १९७९ मध्ये जॉन शिया आणि रॉबिन मॉर्गन यांनी दाखवलं, की एकच गोष्ट ओळीने घोटली तर सरावात प्रगती झकास दिसते, पण वेगवेगळ्या गोष्टी मिसळून केलेला सराव पुढे जास्त टिकतो. सरावाच्या वेळी मात्र तो गबाळा वाटतो. आता मार्च-एप्रिलमध्ये समाजमाध्यमांवर फिरणारे व्हिडिओ आठवा. हाफ पँट घातलेला क्वार्टरबॅक, समोर कोणी नाही, एकच पास वीसदा, प्रत्येक वेळी सुरेख स्पायरल, खाली "या वर्षी बघाच" अशा प्रतिक्रिया. त्यातून काही म्हणजे काही कळत नाही.

पाय डोळ्यांच्या मागे जातात

पाय सुधारतात असं म्हटलं खरं, पण तेही एकटे सुधारत नाहीत. क्वार्टरबॅक पहिल्या रिसीव्हरकडे पाहतो, तो मोकळा नसेल तर दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे. प्रत्येक नजरेबरोबर पायांची एक छोटी उसळी ठरलेली असते, म्हणजे नजर जिथे जाईल तिथे कंबर आधीच वळलेली. कुठे पाहायचं हेच ज्याला उमगलेलं नाही, त्याचे पाय थिजतात किंवा तडतडायला लागतात. अशा मुलाला उन्हाळाभर पावलं शिकवा. सप्टेंबरमध्ये बचावाची नवी मांडणी समोर आली की सगळं विसरतो. त्याचा प्रश्न पायांचा नव्हताच.

मार खाण्याची भीतीही तशीच. २००२ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्स हा नवा संघ लीगमध्ये आला. त्यांनी पहिल्या क्रमांकावर घेतलेला डेव्हिड कार त्या एका हंगामात ७६ वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू हातात असतानाच लोळवला गेला. तो आजवरचा विक्रम आहे. इतका मार खाल्लेल्या माणसाचे डोळे रिसीव्हरवरून सुटून अंगावर येणाऱ्यांकडे जातात आणि पाय रुततच नाहीत. त्याला थ्रो शिकवणाऱ्यापेक्षा चार बरे लाइनमन मिळवून दिले असते तर जास्त उपयोग झाला असता.

जेलन हर्ट्सचे आकडे या दृष्टीने बोलके आहेत. २०२० मध्ये ५२ टक्के, २०२१ मध्ये ६१.३, २०२२ मध्ये ६६.५. फिलाडेल्फियाच्या लाइनमनांची फळी त्या काळात लीगमधल्या सर्वोत्तमांपैकी होती, आणि २०२२ मध्ये ए. जे. ब्राउन हा दांडगा रिसीव्हर आला. हर्ट्सने घाम गाळला, यात वाद नाही. पण त्याला उभं राहून शिकायला जागाही मिळाली.

मोठेपणी सवय बदलल्याची मिसाल आपल्याकडेही आहे. श्रीरामपूरचा झहीर खान २००६ मध्ये वूस्टरशर काउंटीकडून खेळला. धाव छोटी केली, चेंडू टाकण्याआधीची उंच उडी काढून टाकली, हंगामात ७८ बळी घेतले आणि भारतीय संघात परतला तो वेगळाच गोलंदाज होऊन. तेव्हा तो सत्तावीस-अठ्ठावीसचा होता. पण त्यानेही बदलले ते मुख्यतः पाय.

वेडीवाकडी पण चालणारी ॲक्शन

फिलिप रिव्हर्सचा थ्रो पाहून कोणताही प्रशिक्षक डोळे मिटून घेईल. कोपर खाली, हात बाजूने, चेंडू फेकल्यापेक्षा ढकलल्यासारखा. त्याच थ्रोवर तो नियमित हंगामात सलग २०० हून अधिक सामने सुरुवातीपासून खेळला. कोणी त्याला फारसं हात लावला नाही, आणि तेच बरं झालं. कारण थ्रो कुरूप असला तरी झटपट सुटायचा आणि दर वेळी सारखाच सुटायचा. पॅट्रिक महोम्सचे वडील बेसबॉलमधले व्यावसायिक पिचर, तो स्वतःही बेसबॉल खेळत वाढला. तो तर एकाच सामन्यात चार वेगवेगळ्या कोनांतून फेकतो. टिबो आणि रिव्हर्स यांच्यातला फरक सौंदर्याचा नाही. एकाचा हात उशीर करत होता, दुसऱ्याचा करत नव्हता.

हातात बदल झाल्याचं एक नावाजलेलं उदाहरण आहे ते ॲरन रॉजर्सचं. कॅलिफोर्निया विद्यापीठात त्याला चेंडू कानाजवळ उंच धरायला शिकवलं होतं. ग्रीन बे पॅकर्सकडे आल्यावर तो खाली आणला गेला आणि हालचाल मोकळी झाली. पण बदललं ते सुरुवातीचं ठिकाण, पुढचं वळण नव्हे. शिवाय २००५ ते २००७ अशी तीन वर्षं तो संघाचा मुख्य क्वार्टरबॅक ब्रेट फार्वच्या मागे बाकावर बसून होता. चुका करताना कोणी पाहत नव्हतं. आजच्या पहिल्या फेरीतल्या क्वार्टरबॅकला अशी तीन वर्षं क्वचितच मिळतात.

ॲन्थनी रिचर्डसनचंच बघा. फ्लोरिडाकडून कॉलेजात तो अवघे तेरा सामने सुरुवातीपासून खेळला. २०२३ मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सनी त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं आणि थेट मैदानात उतरवलं. चार सामन्यांत खांदा दुखावला, शस्त्रक्रिया झाली, वर्ष गेलं. २०२४ मध्ये ४७.७ टक्के. २०२५ च्या हंगामाच्या तोंडावर कोल्ट्सनी त्याच्याऐवजी डॅनियल जोन्सला निवडलं. त्याचा हात वाईट नाही, ताकद तर ॲलनच्या तोडीची आहे. त्याच्याकडे कमी आहेत ते खेळलेले डाव. आणि बाकावर बसून ते वाढत नाहीत.

वेळेचं गणित

हंगामात सुधारणेला सवड नसते. सतरा सामने, दर आठवड्याला नवा प्रतिस्पर्धी, नवी योजना. सराव त्यातच संपतो. राहिला हंगामानंतरचा काळ. २०११ च्या खेळाडू-मालक करारापासून संघाच्या प्रशिक्षकांना हंगाम संपल्यापासून एप्रिलपर्यंत खेळाडूला मैदानावर शिकवता येत नाही. खेळाडूंना विश्रांती मिळावी, हा त्यामागचा रास्त हेतू. पण थ्रोवर काम करायला सर्वांत योग्य ते आठवडे त्यामुळे खाजगी प्रशिक्षकांच्या हाती गेले. कधी ते उत्तम असतात, कधी संघाचा प्रशिक्षक जे सांगतो त्याच्या अगदी उलट शिकवतात, आणि मुलगा दोन गुरूंमध्ये अडकतो.

दुसरीकडे पैशाचं घड्याळ. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा, त्यात पाचवं वर्ष वाढवायचा पर्याय संघाकडे असतो, आणि तो निर्णय तिसरा हंगाम संपल्यानंतरच्या वसंतातच घ्यावा लागतो. म्हणजे सवय मोडायला, नवी लावायला आणि ती सामन्यात टिकते हे दाखवायला हाती तीन हंगाम आणि मधले दोन उन्हाळे. त्यात दुखापत आली किंवा प्रशिक्षक बदलला की एक उन्हाळा गेलाच.

मग बाहेरून पाहणाऱ्याने काय पाहावं? मी टक्केवारी बाजूला ठेवून चुकलेले पास बघतो, आणि तेही फक्त पॉकेट शाबूत असतानाचे. दहा चुकलेल्या पासांपैकी आठ जर डोक्यावरून जात असतील तर ती चांगली बातमी आहे. चूक एकाच दिशेची आहे, म्हणजे तिला एकच कारण असण्याची शक्यता जास्त, आणि ते बहुधा पावलांत सापडतं. एक वर, एक खाली, एक मागे, एक बाहेर असा सडा पडत असेल तर सुटण्याचा क्षणच हातात नाही, आणि ते काम फार अवघड. दुसरं, छोटे पास. लांब फेकीत ताकद पुष्कळ काही झाकते. सात यार्डांवर धावणाऱ्याच्या पुढच्या हातात, त्याला वेग कमी करावा न लागता चेंडू देता येतो का, हे पाहिलं की पाय कुठवर आले ते कळतं. तिसरं, तिसऱ्या डाउनवर, म्हणजे दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्यावर, गरज आठ-दहा यार्डांची, समोरून पाच-सहा जण चालून आलेले. तेव्हा जुनी सवय परत येते का?

चुका एका दिशेच्या असतील आणि छोटे पास सुधारत असतील, तर पोराला आणखी एक उन्हाळा द्यावा, टक्केवारी पन्नाशीत असली तरी. दुसरा हंगाम उलटूनही सडाच पडत असेल, तर संघाने सरळ पुढच्या ड्राफ्टची तयारी करावी.